निंबापासून तीन बोटं

गाडी वरखेडीला आली की मी वर चहाचं आधण ठेवायची, आणि ती पिंपळगाव सोडायच्या आत माझी आंघोळ उरकलेली असायची. ही गाडी माझ्या खोलीखाली, घरमालकांच्या लांब खोलीत धावायची. धावायची म्हणजे मिनिटाला चार बोटं सरकायची. जिन्यातून डोकावलं तर वाटे, उभीच आहे. दात घासून येऊन पुन्हा डोकावलं तर पळसाची तीन झाडं मागे पडलेली असत.

घरमालकांना मेहरूण भागातले सगळे नाना म्हणायचे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा सत्तरीचा माणूस, अंगानं सडपातळ, आणि मोजल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. जळगावला बदली झाली आणि तलावाजवळची त्यांची वरची खोली बघायला गेले, तर त्यांनी आधी माझी उंची विचारली, मग खाटेची लांबी, आणि जिन्याच्या वळणावर टेप लावून सांगितलं की खाट वर जाणार नाही, पाय काढावे लागतील. मी म्हटलं, जाईल. हमालांनी अर्धा तास झटापट केली आणि शेवटी पाय काढले. नाना तोवर पायरीवर बसून शेंगा खात होते. त्या दिवसापासून मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. "काय पाटबंधारे, आज उशीर?" असं म्हणायचे. पोस्टमनला पोस्ट म्हणत आणि शेजारच्या वायरमनला वीज.

चालताना ते पावलं मोजत. त्यांचं पाऊल म्हणे बरोबर अडीच फुटांचं. लग्नाला गेले की मांडवाची लांबी-रुंदी मनात काढून यायचे आणि जेवण कसं होतं विचारलं की म्हणायचे, "मांडव चौकोनी नव्हता, एक बाजू दोन हात कमी." भांडण करायचं असलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, जमीन जागेवरच असते, माणसं सरकतात. मला त्यांचा राग यायचा. माणसानं इतकं बरोबर असू नये.

पण ती खोली! मी तिच्यात पहिल्यांदा गेले ते पाण्याची मोटर बंद पडली म्हणून सांगायला, आणि मोटरचं विसरूनच गेले. तीन भिंतींना लागून, बसल्यावर डोळ्यांच्या जरा खाली येईल इतक्या उंचीवर फळी, आणि फळीवर पाचोऱ्यापासून जामनेरपर्यंतची अख्खी पीजे. छोट्या रुळांची ती लाइन खानदेशात सगळ्यांना पीजे म्हणूनच ठाऊक. खरी गाडी बंद होऊन काही वर्षं झाली होती. नानांनी ती किलोमीटरला एक वीत या मापानं पुन्हा घातली होती. काळ्या मातीची शेतं, त्यात उदबत्तीच्या काड्यांना चिकटवलेली कापसाची बोंडं, पिवळ्या पाट्यांवर सुईच्या टोकानं लिहिल्यासारखी स्टेशनांची नावं. डबे लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे. एका डब्याच्या छतावर अजून 'आपले नम्र' वाचता यायचं. रुळांखालून दोरा गेला होता आणि कोपऱ्यातल्या रिळावर गुंडाळला जायचा. ते रीळ फिरवायला गणपतीच्या आराशीतली चक्र फिरवणारी मोटर. नाना स्वतः पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावणारे, पण गणपतीआधी सराफ बाजाराकडच्या दुकानात जाऊन अशा चार मोटरी घेऊन ठेवायचे. इतकी हळू फिरणारी वस्तू दुसरीकडे मिळत नाही, म्हणायचे.

गाडी साडेसातला पाचोऱ्याहून सुटे आणि खऱ्या गाडीला लागायचा तितकाच वेळ घेई. पूर्वेच्या खिडकीतून ऊन यायचं आणि तेही गाडीबरोबर फळीवरून सरकायचं. त्या खोलीत बसलं की घड्याळ बघावंसं वाटायचं नाही. रस्त्यावर भाजीवाला ओरडत असे, शाळेच्या रिक्षा भोंगे वाजवत असत, आणि आत गाडी कपाशीतून चाललेली. सुट्टीच्या दिवशी मी बसले की जामनेर येईपर्यंत उठायची नाही. डोळे उघडे ठेवून झोप व्हावी तसं वाटायचं.

खुर्च्या दोन होत्या. एक नानांची, बटणाजवळ. दुसरी अक्कांची.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली पहिली बाई. वस्ती पिंपळगाव आणि शेंदुर्णीच्या मध्ये, लाइनपासून हाकेच्या अंतरावर. अक्का रोज पीजेनं शेंदुर्णीच्या शाळेत जायच्या, सगळी नोकरी त्यांनी अशी केली. आता त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. जेवले की नाही ते आठवत नसे, मुलाचं नाव कधी आठवे, कधी नाही. नानांना त्या मास्तर म्हणत. स्टेशनमास्तर समजत असाव्यात. "मास्तर, गाडी वेळेवर शे ना?" असं अदबीनं विचारायच्या, आणि नाना तितक्याच अदबीनं, "आहे बाई, बसा," म्हणायचे. सख्ख्या बहिणीनं दोन वर्षं ओळखलं नाही याचं त्यांना काय वाटत होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. एकदाच म्हणाले, "मोजायचं काय त्यात."

मला आधी वाटलं होतं, निवृत्त माणसाचा छंद. नंतर कळलं की ही सगळी खटपट अक्कांसाठी होती. सकाळ झाली की त्या साडी नेसून, पिशवी काखेत मारून शाळेला निघायच्या. अडवलं की रडायच्या. म्हणून नानांनी गाडी घरात आणली. समोर गाडी चालू असली की अक्का शांत बसत, पिशवी मांडीवर, पाय जुळवून. नानांनी वस्तीजवळ एक निंब लावला होता, गाडी तिथे आली की ते बटण दाबून एक मिनिट ती थांबवायचे. या थांब्याची नोंद कुठल्याच वेळापत्रकात नव्हती. रेल्वेची आवड असलेले, जळगाव बघायला आलेले दोन तरुण एकदा नानांकडे आले आणि म्हणाले, आजोबा, इथे थांबा नव्हता. नानांनी त्यांना जुनं पोस्टकार्ड दाखवलं. नाना लहानपणी धुळ्याला बोर्डिंगात शिकायला होते, तिथे अक्कांनी पाठवलेलं. 'निंबाजवळ गाडी माझ्यासाठी थांबते. ड्रायव्हर भला माणूस आहे. तू पोटभर जेवत जा.'

तर गाडी निंबाला थांबायची. अक्का बघत राहायच्या. उठायच्या नाहीत. एक मिनिटानं गाडी हलायची, मोरीवरून पुढे जायची, आणि अक्कांची चुळबुळ सुरू व्हायची. गाडी शेंदुर्णीला पोचेपर्यंत त्या दाराशी चपला शोधत असायच्या. मग फाटकाची कडी हलवायच्या. हे रोजचं. आजारच तसा आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या लाइनवरून माझं आणि नानांचं एकदाच खरं भांडण झालं. मी म्हटलं, नाना, सगळं झकास आहे, पण तुमची लाइन पाटासारखी सपाट आहे. पन्नासपन्नास किलोमीटर जमीन अशी असते का कुठे? ते ताठ झाले. मोजणीत साखळी आडवीच धरायची असते, म्हणाले. जमीन चढती असो की उतरती, अंतर कागदावर सपाटच उतरतं, नाहीतर कुणाचंच क्षेत्र जुळणार नाही. मी म्हटलं, आमचं पाणी तुमच्या कागदावर वाहत नाही. तुम्ही जमीन कुणाची ते बघता, आम्ही ती कुठे उतरते ते बघतो. आठ दिवस ते मला "पाटबंधारे" सुद्धा म्हणाले नाहीत.

आणि मग ते झालं, जे सांगायला मला अजून जड जातं. एका सकाळी मला कामावर जायला उशीर झाला होता. स्कुटी बाहेर काढली आणि फाटकाची कडी घालायची विसरले. मी. दुसरं कुणी नाही. दुपारी नानांचा फोन आला तो नेहमीच्याच आवाजात, "अक्का तुमच्याकडे आली आहे का?"

संध्याकाळी बोदवडहून फोन आला. अक्का रिक्षानं स्टेशनवर गेल्या होत्या, मिळेल त्या पॅसेंजरमध्ये बसल्या होत्या, आणि बोदवडच्या फलाटावर एका चहावाल्याला विचारत होत्या की शेंदुर्णीची शाळा भरली का. पिशवीच्या आत नानांनी नकाशाच्या शाईनं फोन नंबर लिहून ठेवला होता म्हणून. आम्ही जीप करून गेलो. अक्का बाकावर बसल्या होत्या, पाय जुळवून, पिशवी मांडीवर. परत येताना दीपनगरच्या वीजकेंद्राचे दिवे दिसले तेव्हा झोपल्या. नाना मला फाटकाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उलट जामनेरची लाइन पुढे बोदवडपर्यंत नेणार आहेत म्हणे, असं काहीतरी काढून म्हणाले, "अक्का आधीच पाहणी करून आली." मी हसले आणि मग रडले.

अक्कांचा मुलगा पुण्याहून आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मामा, तुमचंही वय झालं. दिवाळीपर्यंत बघू. ती पुन्हा बाहेर पडली तर मी तिला तिकडच्या संस्थेत ठेवतो." नानांनी मान हलवली. तो गेल्यावर ते खोलीत जाऊन बसले. गाडी दिवसभर जामनेरला उभी होती.

दिवाळीला दीड महिना होता. मला घरात थारा लागेना. एका रविवारी मी म्हटलं, नाना, चला, ती जागा बघून येऊ. ते म्हणाले, मोजलेली आहे. मी म्हटलं, मला दाखवायला चला. अक्कांजवळ शेजारच्या वायरमनच्या बायकोला बसवलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि नाना माझ्या स्कुटीवर मागे बसले, मांडीवर टेप. पहूरपर्यंत त्यांनी मला चार वेळा सांगितलं की मी डाव्या बाजूला कलून चालवते.

शेंदुर्णीच्या स्टेशनवर तिकिटाची खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली होती. फलाटावर कुणीतरी मका वाळत घातला होता. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेली पाण्याची टाकी तशीच होती, तिच्यातून पिंपळ उगवलेला. तिथून आम्ही लाइनीवरून मागे चालत निघालो. रूळ कुठे दिसत, कुठे मातीत आणि गवतात बुडलेले. दोन्ही बाजूंनी बाभळी इतक्या वाकल्या होत्या की मध्ये हिरवी बोळ झाली होती, आणि त्या बोळीत ऊन तुकड्या-तुकड्यानं पडलं होतं. बोलावंसं वाटेना. नाना पावलं मोजत होते, ओठ हलताना दिसायचे. मला सारखं वाटत होतं की आपण त्या फळीवरूनच चाललोय, मिनिटाला चार बोटं, आणि वर कुणीतरी खुर्चीत बसून बघतंय.

आधी मोरी आली, रुळांखालून नाला जातो ती, काळ्या दगडांची. तिच्यापलीकडे शंभरेक पावलांवर निंब दिसला. भला मोठा. नाना त्याच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हा. एका फुटाचाही फरक नाही."

नव्हताच. पण मी निंबाकडे पाठ करून आल्या वाटेकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की आपण उतरून आलोय. फार नव्हे. सायकलवाल्यानं पायडलवर जरा जोर द्यावा इतकाच चढ, निंबाच्याही मागून सुरू होऊन मोरीच्या पुढे जाईपर्यंत. मी काही बोलले नाही. आधीच एक भांडण झालेलं होतं.

निंबाखाली बकऱ्या बसल्या होत्या आणि त्यांचा म्हातारा. नानांनी रामराम केला. म्हातारा या लाइनीवर गँगमध्ये होता, रूळ ठोकायला, सगळी उमर त्याची इथेच गेलेली. नानांनी विचारलं, मास्तरीणबाईंसाठी गाडी इथेच थांबायची ना? म्हातारा हसला. "आठे कशी थांबी, भाऊ? आठे चढाव शे. भरेल गाडी चढावर थांबनी की मंग उठे नही." त्यानं काठीनं मोरीच्या पलीकडे दाखवलं. "बाई सावलीले आठे बसे. शिटी ऐकाले उनी की तठे चालत जाये. डायवर चढाव चढी जाये आनि मोरीपुढे थांबे. तठे आम्ही बाईसाठी पायऱ्या लायेल शेत." म्हणजे निंब नुसता सावलीला बसायचा; गाडी थांबायची ती चढ चढून गेल्यावर, मोरीपुढे.

आम्ही परत मोरी ओलांडली. म्हातारा पुढे झाला आणि काठीनं गवत बाजूला केलं. तीन दगड होते, घडीव, एकावर एक चढत्या पायऱ्यांसारखे भरावात बसवलेले. फलाट नाही म्हणून साडीतल्या बाईला डब्यात चढता येत नव्हतं, तर गँगच्या लोकांनी मोरीच्या कामातून उरलेले दगड बसवून दिले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. वरचा दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता.

नाना त्या दगडावर बसले. टेप हातातच होता, उघडला नाही. म्हणाले, "आमच्या कागदावर चढ नसतो हो." मग म्हणाले, "रोज चुकली तिची गाडी. रोज. माझ्यामुळे."

मला तेव्हा कुठे उलगडलं. अक्का वेडेपणानं घराबाहेर पडत नव्हत्या. समोरून गाडी निघून जायची, त्यांच्या जागी थांबायचीच नाही, आणि शाळेत पोरं खोळंबलेली. कुठलीही मास्तरीण दुसरी गाडी शोधायला निघालीच असती.

निघण्याआधी नानांनी निंबापासून दगडांपर्यंतची पावलं मोजली. अडीचशे मीटर. त्यांच्या मापात तीन बोटं.

दोन दिवस गाडी बंद होती आणि ते दोन दिवस वाईट गेले. नानांनी फळी कापली, खाली पाचरी ठोकल्या, मी ऑफिसातून आणलेल्या त्या भागातल्या लेव्हलच्या, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या, आकड्यांवरून त्यांना चढ काढून दिला. ते निमूटपणे "किती?" विचारायचे आणि मी सांगेन तितका रंधा मारायचे. अक्का घरभर पिशवी घेऊन फिरत होत्या आणि फाटक हलवत होत्या. मुलाचा फोन आला तेव्हा मागून त्यांचं रडणं त्याला ऐकू गेलं. दिवाळीला काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. तो आला, चार दिवस राहिला, रोज सकाळी खोलीच्या दारात उभा राहून बघत होता, आणि एकटाच परत गेला. पण ते नंतर. मला सांगायची आहे ती तिसरी सकाळ.

साडेसातला गाडी सुटली. मी रजा टाकली होती. नाना बटणाजवळ, अक्का त्यांच्या खुर्चीत. त्यांच्यापुढे हातभर अंतरावर नानांनी तिसरी खुर्ची मांडली होती, रिकामी. वरखेडी झालं, पिंपळगाव झालं. ऊन फळीवर आलं. निंब जवळ आला आणि नानांचा हात सवयीनं बटणाकडे गेला, मग मागे आला. गाडी निंबापाशी थांबली नाही. चढाला लागली. दोऱ्यावर ताण आला, मोटर कुरकुरली, आणि ती इतकी हळू झाली की मला वाटलं बंद पडतेय. निंबापासून एक बोट, मग मोरीवरून दोन बोटं, तीन. नानांनी बटण दाबलं. रुळांच्या कडेला त्यांनी काळ्या पाटीच्या पेन्सिलीचे तीन तुकडे पायऱ्यांसारखे लावले होते.

अक्का उठल्या. पदर सावरला, पिशवी काखेत मारली, एका हातानं निऱ्या जरा वर धरल्या आणि तीन पावलं टाकून त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. नानांकडे वळून म्हणाल्या, "चला, मास्तर." नानांनी बटण सोडलं.

शेंदुर्णी येईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. गाडी थांबली तशा उभ्या राहिल्या, आमच्याकडे तोंड केलं, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला, खणखणीत, भिंतीपलीकडे जाईल असा. हजेरी घ्यायला लागल्या. हातात काही नव्हतं, सगळी नावं तोंडपाठ. "सुमन." कोण देणार ओ? अक्का थांबल्या, कपाळावर आठी आली. तेव्हा नाना उठून उभे राहिले, हात बांधले आणि म्हणाले, "हजर, बाई."

"देवराम."

"हजर, बाई."

युवराज, कमल, रमजान, शकुंतला. सगळ्यांच्या वतीनं सत्तरीचा तो माणूस एकटा हजर होता. मीही दोनतीन नावांना ओ दिली. यादी संपली. अक्कांची नजर नानांवर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. हा त्यांच्या वर्गात कधीच नव्हता. हा तर बोर्डिंगात होता. त्या दोन पावलं पुढे आल्या, त्यांच्या दंडाला हात लावून बघितला, जसा रोड झालेल्या पोराचा बघतात.

"धुळ्याहून कधी आलास रे तू?"

नानांचे हात अजून बांधलेलेच होते.

"आत्ताच आलो, अक्का," ते म्हणाले. "गाडीनंच आलो."